चेहऱ्यावरची कळ
सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत ती, तिथली धाकटी डॉक्टर, गरोदर बाईच्या पोटावर प्रोब दाबून बाळाच्या हृदयाची मापं घेत होती, तोच मानेपासून बोटांपर्यंत सणकन कळ गेली आणि तिचा चेहरा पिळवटला. बाईनं तो पाहिला. "ताई, बाळाला काही झालंय का?" "नाही हो." "मग चेहरा असा का झाला? माझं आधीचं एक गेलंय. खरं सांगा." ती पुन्हा पडद्याकडे पाहू लागली. हे दुखणं तिनं सगळ्यांपासून लपवलं होतं. सेंटरच्या मोठ्या डॉक्टर मॅडमना कळलं तर नोकरी जाईल, ही धास्ती होती. आणि मॅडम दारातच उभ्या होत्या. बाई हुंदके देऊ लागली. "बाळ ठणठणीत आहे!" ती बोलून गेली. "दुखतोय तो माझा हात." मॅडम पुढे आल्या. "ऊठ." त्यांनी प्रोब डाव्या हातात घेतला. "मीही असंच लपवत राहिले, आता उजव्यानं मला कपही उचलवत नाही. तू तरी वेळेवर बोललीस."