लाल पेन्सिल

मुद्रितशोधक म्हणून त्याचा दरारा होता. अनुस्वारही त्याच्या लाल पेन्सिलीतून सुटत नसे. या खेपेला चर्चच्या मासिकासाठी त्यानं स्वतः क्षमेवर लेख लिहिला, तीनदा तपासला, चूक सापडली नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी अकरा चुका काढल्या. “काका, आपलं लिहिलेलं आपण तपासायचं नसतं, तुम्हीच शिकवलंत ना?” तो ओशाळून हसता हसता थबकला. थोरल्या भावाशी नऊ वर्षं अबोला होता. बायको टोकायची, तेव्हा हा ठणकावायचा, “मी रोज मन तपासतो, माझ्यात खोट नाही!” त्यानं पेन्सिल खाली ठेवली, डोळे मिटले. “प्रभू, माझं मला नाही दिसत. आता तू तपास.” पहिलीच लाल खूण नऊ वर्षांपूर्वीच्या आईच्या दफनावर उमटली. दादा अजून वाटेत होता, तरी ‘शवपेटी बंद करा’ असं यानंच सांगितलं होतं; दादाला आईचं शेवटचं दर्शनही मिळालं नव्हतं. त्यानं फोन लावला. “दादा, चूक माझीच होती. आज दिसली.”