यॉर्कचा गुलाब

हिल्डामावशीनं यॉर्कचा पांढरा कापडी गुलाब चहाच्या कपात बुडवला, बाहेर काढून दिव्यासमोर धरला आणि म्हणाली, "अजून एक बुचकळी."

समोर चिलखत घालून बसलेल्या लेस हेपवर्थचा जीव खालीवर होत होता. "मावशी, आमच्या गुलाबाचं पार फडकं केलंस."

"कॅमेऱ्याला पांढरंशुभ्र सोसत नाही, बाळा. डोळे दिपतात त्याचे. राजाच्या कॉलरीसुद्धा चहातून काढल्यात."

मावशी कपडेपट सांभाळायची, पण मूळची लँकेशायरची. तिच्या गालातलं हसू काही कॅमेऱ्याच्या काळजीपोटी नव्हतं. नाटकात यॉर्कशी लढणाऱ्या शत्रूपक्षाचा, म्हणजे तिच्या माहेरचा लाल गुलाब मेजावर कोरडा ठणठणीत पडला होता.

इंग्लंडच्या राजांची लांबलचक नाटकं टेलिव्हिजनसाठी कापता कापता लेसच्या सरदाराला एकच वाक्य उरलं होतं: "यॉर्कचा जन्मलो, यॉर्कचाच मरेन." तेवढं म्हणून मरायचं. पण तेवढ्यासाठी त्याच्या वडिलांनी भाड्यानं टीव्ही आणला होता आणि यॉर्कशायरमधली आपली सगळी गल्ली घरात बोलावली होती. पोरगा कोळशाची खाण सोडून नाटकात गेला, तेव्हापासून ते त्याच्याशी धड बोलले नव्हते. आज पहिल्यांदाच त्याचं काम बघणार होते.

"असला मळका गुलाब लावून मेलो, तर बाबा मला दारात उभं करणार नाहीत."

"लढाई तुम्हीच हरता की रे," मावशी म्हणाली. "गुलाब कसा का असेना."

हे मात्र त्याला झोंबलं. कार्यक्रम थेट जात होता, मध्ये कुणी थांबवू शकणार नव्हतं. लेसनं चिलखताखालच्या खिशातला कोरा पांढरा रुमाल चुरगाळून त्याचा गुलाब वळला, छातीवरच्या पट्ट्यात खोचला आणि कॅमेऱ्यापुढे जाऊन जीव ओतून मेला.

वरच्या खोलीत दिग्दर्शकानं कपाळावर हात मारला. पडद्यावर सरदाराच्या छातीशी नुसता लखलखाट होता आणि भोवती सगळं काळंकुट्ट. लेसचं तोंड त्या काळोखात कुठंतरी होतं.

कार्यक्रम संपताच दिग्दर्शक खाली आला आणि त्यानं लेसला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. "पुन्हा या स्टुडिओत दिसू नकोस."

"आज तरी कुठं दिसला," मावशी पुटपुटली.

तेवढ्यात लेसला फोन आला. वडील होते, कोपऱ्यावरच्या फोनवरून बोलत होते.

"तुझं तोंड काही दिसलं नाही बघ."

लेसनं छातीवरचा रुमाल उपटून काढला.

"गुलाब मात्र दिसला. सगळी गल्ली उठून उभी राहिली." वडिलांनी घसा खाकरला. "रविवारी जेवायला ये घरी. आणि गुलाब लावून ये, म्हणजे लोक ओळखतील."