खणखणीत आवाज

शेजारच्या मात्सुनागा आजींनी वयामुळे गाडी चालवणं सोडलं आणि त्यांची जुनी, छोटी गाडी आमच्या ह्यांनी मोटारींच्या रॅलीच्या शर्यतीसाठी स्वस्तात घेतली. हिवाळाभर आम्ही दोघांनी ती शेडमध्ये सोलून काढली. मागची सीट गेली आणि आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसला. ह्यांच्या शेजारी बसून रस्त्यातली वळणं वहीतून वाचून सांगायला मात्र कुणीच तयार होईना, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

"नंबर नको गं, शेवटपर्यंत पोचलो तरी पुरे," हे म्हणाले. "पण पुटपुटू नकोस. सकाळी बुद्धापुढे म्हणतेस तसं खणखणीत सांग."

"तेव्हा तुम्ही कुठे असता ऐकायला? हात जोडायला बोलावते, उठता का कधी?"

"अंथरुणातही ऐकू येतं."

गुन्माच्या जंगलात रॅली सुरू झाली. पहिली दोन वळणं मी खणखणीत सांगितली. तिसऱ्याला गाडी खडीवरून घसरली, वहीतली ओळ हरवली आणि माझ्या तोंडून बुद्धापुढचा रोजचाच जप निघाला, "नामु अमिदा बुत्सु!"



लग्नानंतर पहिल्यांदाच ह्यांनी, स्टिअरिंग सोडून, भक्तिभावाने दोन्ही हात जोडले.