खोकायची चोरी

"ताई, आता काय बघतायत?" भावजयीने तिचा दंड घट्ट धरला.

"खोकतो का ते."

"आणि खोकला तर?"

"तर आहे आपला. मेंदू थोडा तरी जागा आहे."

नाही खोकला तर काय, हे भावजयीने विचारलं नाही. पलंगावर धाकटा भाऊ झोपल्यासारखा पडला होता. मोटारसायकलवरून डोक्यावर आपटल्यापासून त्याची छाती हलत होती ती यंत्राच्या जोरावर. डोळ्यांत बॅटरी मारून झाली होती. बाहुल्या ढिम्म.

ती स्वतः भूल देणारी डॉक्टर. शुद्धीवर येताना पेशंट खोकला की ताजे टाके ताणतात, रक्त येतं. म्हणून ती आधीच शिरेतून औषध द्यायची, घसा साफ करायची आणि श्वासाची नळी अशी अलगद काढायची की पेशंट हूं की चूं करत नसे. गळ्याचं ऑपरेशन असलं की सर्जन म्हणायचे, बाईच हव्यात. हा पठ्ठ्या मात्र चिडवायचा, "ताई, तुझ्या राज्यात साधं खोकायचीही चोरी!" हेल्मेट घाल म्हणून ती कानीकपाळी ओरडायची, तर हसत किक मारून पसार.

अतिदक्षता विभागाचा डॉक्टर तिच्याच हाताखाली शिकलेला. त्याने भावाच्या श्वासनळीत आणखी एक बारीक नळी थेट खोलवर सरकवली. जिवंत माणसाला एवढ्याने ठसका लागतोच.

काही झालं नाही.

"पुन्हा कर," ती म्हणाली.

"मॅडम, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

"पुन्हा कर म्हणते ना!"

नळी पुन्हा आत सरकली. देवा, एकदाच खोकू दे त्याला. रक्त येऊ दे, काय वाट्टेल ते होऊ दे. तिचा हात आपसूक त्याच्या कपाळावर गेला, ती कानाशी वाकली, आणि पेशंटला उठवताना रोज म्हणायची तेच सवयीने तोंडून निघून गेलं, "झालं हं सगळं. खोकायचं नाही. हळूच डोळे उघड."

बोलून गेली आणि तिचं तिलाच कळलं. तिने तोंडावर हात दाबला.

तो खोकला नाही.

डॉक्टरने नळी बाहेर काढली आणि मान खाली घातली.

"जन्मात कधी माझं ऐकलं नाहीस," भावाचे केस मागे सारत ती म्हणाली, "आजच कुठून सुचलं रे?"