बाराचं फीड

बाटलीचा तळसुद्धा धड ओला झाला नव्हता. पंप मात्र आपला घरघरत ओढतच होता. तिने तो दुसऱ्या बाजूला लावला आणि आणखी वीस मिनिटं तशीच बसून राहिली. सहा थेंब. तेही तिने मोजले म्हणून सहा, एरवी कुणी त्यांना दूध म्हटलं नसतं.

समोरच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर, चार नंबरच्या काचेच्या पेटीत तिचा मुलगा होता. तिथे आयांना नाव नसतं, पेटीचा नंबर तोच आईचा. चार नंबर दोन महिने आधीच घाई करून आलेला, जेमतेम ओंजळीएवढा. नाकातून पोटात नळी. आणि एवढंसं असून नखरे केवढे! गाईचं दूध त्याला मुळीच चालत नव्हतं. आईने चहात चमचाभर दूध घेतलं तरी तिच्या अंगावरच्या दुधातून ते त्याच्यापर्यंत पोचायचं आणि लंगोटात रक्ताचे ठिपके दिसायचे. मग तिने दूध, दही, लोणी, बिस्किटं, सगळं सोडलं. तीन आठवडे कोरा चहा आणि उकडलेल्या भाज्या. ठिपके थांबले. तिचं दूध त्याला पचायला लागलं आणि नेमकं तेव्हाच ते आटलं. आता हसावं की रडावं?

डॉक्टरांनी ॲलर्जीवाल्या बाळांसाठीच्या खास पावडरीचा डबा मागवला. हे याला चालू नये, असं तिच्या मनात क्षणभर येऊन गेलं. सख्ख्या आईच्या! मग तिची तिलाच इतकी लाज वाटली की ती जिन्यात जाऊन रडली. पावडर चालली. नुसती चालली नाही, दोन दिवसांत पोराचं वजन साठ ग्रॅमने वाढलं.

त्यानंतर ती आत गेलीच नाही. आत जायचं तर हातात भरलेली बाटली हवी, असं तिचं तिनेच ठरवून टाकलं होतं. आता डबा पोट भरतोय म्हटल्यावर आपलं तिथे काय काम? सर्दी झालीय, असं तिने फोनवर कळवून टाकलं. सर्दीवाल्या आईला आत सोडत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग दोन दिवस ती या भाड्याच्या खोलीत एकटी बसून तिसऱ्या मजल्याच्या काचा बघत राहिली. नवऱ्याची रजा संपली होती, तो कामावर परगावी. सासूबाईंचा फोन रोज यायचा.

"आज किती निघालं गं?"

"निघालं बऱ्यापैकी, आई."

तू जेवलीस का, हे कुणीच विचारायचं नाही. फोन ठेवला की खोली अगदी खायला उठायची.

आणि आज सकाळी थेट सिस्टरचाच फोन. या सिस्टरना सगळ्या आया पाठीमागे 'हेडमास्तर' म्हणायच्या.

"सर्दी गेली का?"

"हो," तिच्या तोंडून निघून गेलं.

"मग बाराच्या फीडला या. येण्याआधी पंप करा. दोन्हीकडचं पूर्ण काढा, काही ठेवू नका."

म्हणजे दूध हवं होतं. डबा बाधला की काय? पुन्हा ठिपके दिसले? एवढं बजावून मागतायत आणि आपल्याकडे सहा थेंब. तिने बाटलीला झाकण लावलं, पदराने तोंड पुसलं आणि रस्ता ओलांडला.

कोपरापर्यंत हात धुऊन, वरून गाऊन चढवून ती चार नंबरपाशी उभी राहिली तेव्हा बाराला पाच मिनिटं कमी होती. सिस्टरनी पावडरीचं दूध आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवलं होतं.

"पंप केलात?"

"केला."

"नीट? दोन्हीकडे?"

तिने बाटली पुढे केली. सिस्टरनी ती उजेडाकडे धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. तेवढ्यात हिचा बांध फुटला.

"संपलं हो सिस्टर! मला सर्दी-बिर्दी काही झाली नव्हती, मी खोटं बोलले. पाच दिवस झाले, काही येत नाही. आता कुठून पिळून देऊ मी?"

"एक थेंब नाही?"

"नाही!"

"छान," सिस्टर म्हणाल्या. "बसा त्या खुर्चीवर."

छान? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हेडमास्तरांपुढे बोलायची कुणाची टाप? ती मुकाट्याने बसली. सिस्टरनी पेटी उघडली, मुलाला नळीसकट अलगद उचललं आणि तिचा गाऊन सैल करून त्याला तिच्या छातीशी धरलं. त्याच्या गालाला तिचा स्पर्श झाला. त्याने मान वळवली, तोंड उघडलं, चाचपडला आणि एकदम धरलं. दोनदा ओढलं. थांबला. पुन्हा ओढलं.

"अहो, त्याला काही मिळणार नाही!" ती घाबरून म्हणाली. "बिचारा उगाच फसतोय!"

"मिळायला नकोच आहे," सिस्टर नळीला सिरिंज जोडून ती वर धरत म्हणाल्या. "ओढायचं, गिळायचं, मध्येच श्वास घ्यायचा, हे त्याला अजून एकत्र जमत नाही. दूध आलं तर ठसका लागेल. पोट भरायला माझी नळी आहे. पण चोखायला शिकवायचं तर मी कुठून शिकवू? दोन दिवस झाले, मी याच्यासाठी रिकाम्या आईचीच वाट बघतेय."