नाव घेतल्याशिवाय पास नाही

"नाव घे! नाव घेतल्याशिवाय पास नाही!"

सरांची शिट्टी हॉलभर घुमली आणि साठी उलटलेला कॅप्टन बॉल छातीशी धरून जागच्या जागी थांबला.

कॉलेजच्या बास्केटबॉल संघाला सरांनी अडतीस वर्षं याच एका नियमावर वाढवलं होतं. समोरच्याला हाक मारायची, मगच बॉल सोडायचा. त्या हाकांच्या जोरावर त्यांनी अकरा वेळा चषक आणला. आता सर चौऱ्याऐंशीचे होते आणि दर शनिवारी सकाळी आपल्या पाच जुन्या पोरांकडून पुन्हा तेच गिरवून घेत होते.

कॅप्टनला त्यांची फार कीव यायची. एकेकाळी या माणसाला समोरच्या संघातल्या राखीव खेळाडूंचे नंबरसुद्धा तोंडपाठ असायचे. आणि आता दर शनिवारी तेच ते प्रश्न. फायनलला कोण कोण होतं? शेवटची बास्केट कुणाची? तू राहतोस कुठे?

"सरांचं काही खरं नाही," येताना तो गाडीत बायकोला म्हणाला होता. गाडी हल्ली तीच चालवायची. "मागच्या खेपेला माझा पत्ता तीनदा विचारला मला. मी आपला न चिडता सांगतो. त्यांनी घडवलं आपल्याला. त्यांना एकटं पाडायचं नाही."

"नाहीच पाडायचं," बायको म्हणाली.

"सांग की रे!" हॉलमध्ये सर पुन्हा ओरडले. "हा उंच कोण? मी विसरलो!"

कॅप्टनने समोरच्या उंच माणसाकडे पाहिलं. टक्कल, जाड चष्मा, तेच वाकडं हसू. सरांना आपलं आपण आठवू द्यावं म्हणून तो जरा थांबला. बराच थांबला. कुणी घाई केली नाही. एरवी तोंडाला कुलूप नसलेला, संघात सगळे ज्याला 'मुंगी' म्हणत तो बुटकासुद्धा चूप होता.

"जिराफ!" कॅप्टनने बॉल फेकला.

जिराफने तो झेलला आणि बाहीने डोळे पुसले. "घाम रे, घाम," तो म्हणाला.

मग गाडी रुळावर आली. मुंगी! टपाल! भोपू! बॉल फिरू लागला, बूट करकरू लागले, गुडघ्यांनीही चार शिव्या हासडून घेतल्या. कॅप्टनला आपण विशीतले झाल्यासारखं वाटलं. सरांचा चेहरा फायनल मारल्यासारखा फुलला होता. ते बघून त्याला भरून आलं. एवढ्याचसाठी तर तो येत होता.

खेळ संपल्यावर तो नळावर तोंड धुवायला गेला. सर बाकावर त्याच्या बायकोशेजारी टेकले.

"डॉक्टरांना कळव, आज चारही नावं त्याने स्वतःहून घेतली," ते हळूच म्हणाले. "आणि उद्या मलाच 'आपण कोण?' म्हणाला, तरी त्याला आणायचं थांबवू नकोस, पोरी."