केतकीचा कान

"आई, तो मिक्सर थांबव गं. पावलं ऐकू येत नाहीत," आतून केतकी करवादली.

नलूताईंनी चटणी तशीच भरड सोडून दिली. मोबाइलवरच्या लढाईत लेकीच्या कानाला तोड नाही, असं तिच्या टोळीतली पोरं म्हणत. शत्रू गवतातून येतोय की जिन्यावरून, हे ती नुसत्या चाहुलीवर सांगायची आणि पोरं 'ताई, ताई' करत तिच्या शब्दावर धावायची. दोन वर्षांपूर्वी मात्र ती डोळ्यांनी खेळायची. डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद नलूताईंनी साड्यांच्या घडीखाली सरकवला होता. तो विषय घरात कोणी काढत नसे.

आज अंतिम सामना. नलूताईंनी पंखासुद्धा बंद केला. तरी केतकी दुसऱ्याच मिनिटाला मारली गेली. तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. त्यातून एक पोरगा चाचरत म्हणाला, "ताई, तो तुझ्या पुढ्यातच उभा होता. हललाच नाही."

"चष्म्याचा नंबर वाढला असेल, बाई. उद्या बदलून आणू," नलूताई दारातून म्हणाल्या.

आवाजाच्या रोखाने केतकीने मान वळवली. "चष्मा राहू दे, आई. मला आता दिसत नाही."